शिफारशीखालची सही

कॅलिफोर्नियात शेतीसाठी कीडनाशकाची शिफारस करणाऱ्या व्यावसायिक सल्लागाराला राज्याचा परवाना लागतो. शिफारस लेखीच हवी: पीक, कीड, मात्रा, धोक्याच्या सूचना, कमी हानीच्या पर्यायांचा विचार केल्याची ग्वाही आणि खाली सही. यांतले बरेच सल्लागार औषधविक्रेत्यांकडेच नोकरीला असतात, हा आक्षेप रास्त आहे. तरीही कागद तपासता येतो, सही करणाऱ्याला जाब विचारता येतो. आपल्याकडे दुकानात तोंडी सुचवलेल्या मिश्रणाची जबाबदारी कोण घेणार?

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेने शेतकरी, शेतमजूर दगावले. हातमोजे, मास्क हवेतच. पण फवारणीची मुळात गरज आहे का, हे शेतात उतरून, बोंडे फोडून पाहणारा, विक्रीवर पोट नसलेला परवानाधारक आपल्याकडेही हवा. लहान शेतकऱ्याला त्याचे शुल्क झेपणार नाही, म्हणून ते सरकारने भरावे.