औषध मानवलं नाही

हैदराबाद, विजयवाड्याकडचे अनुभवी भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेआधी पेशंटला नेहमीचे प्रश्न विचारतात. दमा आहे का, दात हलतात का, सकाळपासून काही खाल्लं का. त्यातच एक प्रश्न जातीचा असतो : 'तुम्ही वैश्य, म्हणजे कोमटी का?' एरवी दवाखान्यात कुणी जात विचारली तर आपण भडकू, आणि भडकायलाच हवं. इथे मात्र विचारणाऱ्याला पेशंटच्या श्वासाची काळजी असते.

भूल देताना श्वासनळीत नळी घालावी लागते. तेवढ्यापुरते स्नायू लुळे पडावेत म्हणून एक इंजेक्शन देतात. थिएटरात त्याला सगळे 'स्कोलिन' म्हणतात. मिनिटभरात अंग सैल पडतं आणि पाच-दहा मिनिटांत पूर्ववत होतं, कारण यकृतात तयार होऊन रक्तात फिरणारं एक विकर या औषधाचे तुकडे पाडतं. हे विकर ज्याच्या रक्तात जवळपास नाहीच, त्याचे स्नायू तासन्‌तास लुळे राहतात. शस्त्रक्रिया आटोपते, टाके घालून होतात, भुलीचा अंमल ओसरू लागतो. तरी पेशंट श्वास घेत नाही, पापणी हलवत नाही. कधी कधी त्याला आजूबाजूचं सगळं ऐकू येत असतं. डॉक्टरांच्या वेळीच लक्षात आलं तर उपाय सोपा आहे. झोपेचं औषध चालू ठेवायचं, व्हेंटिलेटर काढायचा नाही आणि वाट पाहायची. औषध उतरतं, माणूस धडधाकट घरी जातो. लक्षात न येता नळी काढली, तर जिवावर बेततं.

विकराच्या अभावाचा हा दोष वैश्य समाजात इतरांपेक्षा जास्त आढळतो. तो का, याचं उत्तर त्यांच्या सोयरिकींत आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले लालजी सिंग, के. थंगराज आणि अमेरिकेतले डेव्हिड राइश यांनी २००९ साली 'नेचर'मध्ये भारतीयांच्या जनुकांचा अभ्यास मांडला. त्यात दिसलं, की आज लाखोंच्या घरात असलेला हा समाज मोजक्या पूर्वजांपासून वाढला आणि दोन-तीन हजार वर्षं लग्नं समाजातच होत राहिली. मग कुणा एका पूर्वजाच्या जनुकातला बारीकसा बदल आई आणि वडील, दोघांकडूनही मुलात उतरू शकतो. जातिअंतावर आपण शतकभर परिसंवाद भरवतो आहोत. रोटी-बेटीच्या बंधनांचा हिशेब रक्तात असा मांडून ठेवलेला आहे, हे त्या व्यासपीठांवर फारसं कुणी बोललेलं नाही.

तरीही जातीवरून शंका घ्यावी, निदान करू नये. सख्ख्या भावांत एकाला हा दोष असतो, दुसऱ्याला नसतो. आणि कोमटी नसलेल्या माणसालाही तो असू शकतो. टोरांटोच्या वर्नर कॅलो यांनी १९५७ मध्येच रक्तावरून तो ओळखण्याची रीत दाखवली होती. आज हे विकर मोजण्याची तपासणी मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये सहज होते.

मुंबईच्या पारशांची गोष्ट याच जातीची. व्हायवॅक्स हिवतापात प्रायमाक्विन देतात. काहींच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि लघवी काळपट होते. शिकागोजवळच्या स्टेटव्हिल तुरुंगातल्या कैद्यांवर प्रयोग करून १९५६ साली याचं कारण सापडलं : तांबड्या पेशींतल्या जी-६-पीडी नावाच्या विकराची कमतरता. (कैद्यांवरच्या प्रयोगांत अभिमान बाळगण्यासारखं काही नाही, हेही नोंदवून ठेवू.) भारतात ही कमतरता प्रथम नोंदली गेली ती मुंबईच्या पारशांत, पुढे ती अनेक आदिवासी जमातींत आणि इतर समाजांतही आढळली. त्रास होतो तो बहुतेक मुलग्यांना. आजीच्या ट्रंकेतली डांबरगोळीसुद्धा अशा तान्ह्या बाळाला बाधू शकते, म्हणून ठेवणीतली दुपटी धुऊन, उन्हात वाळवूनच वापरावीत.

हे अपवादात्मक वाटत असेल, तर क्लोपिडोग्रेल घ्या. हृदयात स्टेंट बसवल्यावर लिहून देतात ती ही गोळी. ती यकृतात बदलली तरच काम करते, आणि हा बदल ज्यांच्यात नीट होत नाही असे लोक दक्षिण आशियात युरोपपेक्षा बरेच जास्त आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये या गोळीवर ठळक इशारा छापायला लावला. पर्यायी औषधं आहेत. पण 'ही माझ्यात काम करते का?' असं आपल्याकडे किती पेशंट विचारतात?

'जीनोम इंडिया' प्रकल्पात सुमारे १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. काम मोलाचं आहे. पण ही माहिती जिथे साठवली आहे त्या फरिदाबादच्या संगणकातून ते तालुक्याच्या रुग्णालयातल्या केसपेपरवर उतरायला वेळ लागेल, आणि तोवर केसपेपरवर लिहिण्याजोगी माहिती आपल्या घरांतच पडून आहे. या दिवाळी अंकात आरोग्यावरचे लेख घेताना हेच मनात होतं.

म्हणून वाचकांना एक विनंती. भाऊबीजेला सगळे जमतील. फराळ झाला की काका, मावशी, आत्या यांना विचारा : भुलीनंतर शुद्धीवर यायला कुणाला फार वेळ लागला होता? कोणत्या गोळीने लघवी काळी झाली, अंगावर चट्टे उठले? 'औषध मानवलं नाही' एवढ्यावर सोडू नका. औषधाचं नाव, साल आणि काय झालं ते कागदावर लिहा, फोटो काढून प्रत्येकाच्या मोबाइलवर पाठवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवा. हे वाचून चालू असलेली कोणतीही गोळी मात्र मनाने बंद करू नका.