कळ उतरली, विष नाही

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याला, पोफळीच्या पंचक्रोशीत विंचवाचे कोणाला नवल वाटत नाही. दगडी गडगे, गोठ्यातला पेंढा, पावसाळ्यासाठी रचलेली लाकडे, कौलांखालचे वासे अशी त्याला राहायला जागा मुबलक. तांबडा विंचू चावला की माणूस कळवळतो, घरच्यांची धावपळ होते आणि अजूनही कित्येकदा विंचू उतरवणाऱ्याकडे माणूस पाठवला जातो. तो येतो, पुटपुटतो, दंशाच्या वरच्या अंगाने हात फिरवतो. कळ कुठवर आली हे विचारत विचारत तो तिला खांद्यावरून कोपराशी, कोपरावरून मनगटाशी आणून सोडतो. अर्ध्यापाऊण तासात कळ ओसरते आणि विष उतरल्याचा निकाल जाहीर होतो. या प्रकाराला थोतांड म्हणून मोकळे होणे सोपे आहे आणि आपल्याकडचे बहुतेक विवेकवादी लेखन तेवढे करून थांबते. माझा आक्षेप दोन्ही पक्षांवर आहे. कळ खरोखरच उतरलेली असते. उतरवणाऱ्याने हातचलाखी केलेली नसते आणि रुग्णानेही ढोंग केलेले नसते. चूक होते ती त्याच्या पुढच्या पायरीवर, वेदना म्हणजे इजेचे माप असे गृहीत धरण्यात. ते गृहीत मंत्रावर विश्वास असणाऱ्याचे आहे तसे त्याची टिंगल करणाऱ्याचेही आहे. एक म्हणतो, कळ गेली म्हणजे विष गेले. दुसरा म्हणतो, विष गेलेले नाही म्हणजे कळ गेल्याचे सांगणे खोटे. दोघांच्या हातात काटा एकच आहे, आणि तो काटाच चुकीचा आहे.

हा समज इतका घट्ट का बसला, हे पोफळीत तरी सहज समजते. डोंगराच्या पोटातले कोयनेचे वीजगृह साठच्या दशकापासून इथे चालू आहे. तार, प्रवाह, दाब यांची ओळख कोणाला करून द्यावी लागत नाही. मज्जातंतू म्हणजे तार, नांगी लागली तिथे बटण दाबले गेले, मेंदूत घंटा वाजली, आणि आघात जेवढा मोठा तेवढी घंटा मोठी, हे चित्र ऐकताक्षणी पटते. सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानेही जवळपास हेच मांडले होते. शरीर मात्र असे चालत नाही. मज्जातंतूच्या पडद्यात सोडियमसाठी सूक्ष्म दारे असतात. ती एकापाठोपाठ उघडतात, मिटतात आणि त्यातून विद्युतबदलाची लाट पुढे सरकते. तारेतल्या विजेच्या मानाने तिचा वेग अगदीच किरकोळ. वेदनेचा संदेश नेणाऱ्या तंतूंपैकी ज्यांच्यावर पातळ वेष्टण असते ते सेकंदाला ५ ते ३० मीटर वेगाने काम करतात, उघडे बारीक तंतू जेमतेम अर्धा ते दोन मीटर. म्हणून पायाच्या अंगठ्याला दंश झाला की आधी सुई खुपसल्यासारखी कळ येते आणि आग होऊ लागते ती क्षणभर उशिरा. पाय तर या दोन्हींच्या आधीच झटक्यात मागे आलेला असतो, कारण तो हुकूम मज्जारज्जूने परस्पर सोडलेला असतो आणि मेंदूला मागाहून कळते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे संदेश मज्जारज्जूत शिरतो तिथेच त्याची छाननी होते. वर किती जाऊ द्यायचे हे तिथे ठरते आणि त्या ठरवण्यात मेंदूकडून खाली येणाऱ्या आज्ञांचाही हात असतो. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये हा विचार मांडला. त्यातले तपशील पुढच्या संशोधनात बदलले, गाभा टिकला. ठेच लागल्यावर बोट दाबून धरले, चोळले की बरे वाटते ते याच छाननीमुळे. दंशाच्या वरून फिरणारा हातही तिथे काही काम करत असणार, हे मान्य करायला काय हरकत आहे?

वेदना आणि इजा यांची फारकत किती होऊ शकते, याचे पुरावे दोन्ही टोकांना सापडतात. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरने जबर जखमी सैनिकांना वेदनेबद्दल विचारले. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांनी वेदनाशामक मागितलेच नाही. गुंगीत असल्यामुळे नव्हे. ते शुद्धीवर होते. फक्त त्यांच्या मेंदूपुढे त्या घटकेला जखमेपेक्षा मोठा विषय होता, रणांगणातून जिवंत सुटल्याचा. दुसरे टोक आपल्या घराघरांत माहीत असलेले आहे, नागीण. कांजिण्यांचा विषाणू वर्षानुवर्षे मज्जातंतूच्या मुळाशी दबा धरून असतो आणि कधीतरी अंगावर पट्ट्यासारखा उमटतो. फोड वाळतात, कातडी भरून येते, डोळ्याला दिसण्याजोगी इजा काही उरत नाही आणि तरी कित्येक म्हाताऱ्या माणसांना तिथे पुढे महिनोन्‌महिने सदऱ्याचा स्पर्श सोसत नाही. इजा झालेला तंतू स्वतःच विनाकारण संदेश पाठवत राहतो आणि मज्जारज्जूतल्या पेशी त्या संदेशांना नको इतक्या हळव्या होऊन बसतात. म्हणजे मोठी जखम आणि वेदना नाही, जखम नाही आणि मोठी वेदना, असे दोन्ही प्रकार घडतात. विश्वासाने वेदना कमी होते, याचाही पुरावा आहे. १९७८ मध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना औषध म्हणून निव्वळ औषधाचा आभास दिला. कित्येकांना आराम पडला. मग अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम पुसणारे नॅलोक्सोन टोचले, तेव्हा मिळालेला आराम निघून गेला. आराम मानण्यावर असता तर तो नॅलोक्सोनने गेला नसता. मेंदूने स्वतःची वेदनाशामके खरोखर सोडली होती. विंचू उतरवणाऱ्याची पुंजी हीच आहे. ती खरी आहे, आणि ती मेंदूत तयार होते. विषापर्यंत ती पोचत नाही.

विष त्या वेळी कुठे असते? तांबड्या विंचवाचे विष सोडियमच्या त्याच दारांवर बसते आणि उघडलेले दार वेळेवर मिटू देत नाही. परिणामी मज्जातंतू एकदा पेटला की पेटताच राहतो. दंशाच्या जागी पेटतात ते वेदनेचे तंतू, म्हणून तिथे कळ. पण विष रक्तातून पसरले की स्वायत्त मज्जासंस्था पेटते. हृदय, रक्तवाहिन्या, घाम, लाळ, आतडी हे सगळे न सांगता सांभाळणारी ही व्यवस्था, आणि तिच्यातल्या खळबळीला कळ म्हणून वाट नाही. आधी उलट्या, तोंडाला लाळ, दरदरून घाम, पुरुषांत लिंगाची न मागितलेली ताठरता. मग ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. हृदय त्या दाबाविरुद्ध थकते, फुप्फुसांत पाणी साचते, धाप लागते, शेवटी तोंडाशी गुलाबी फेस येतो. संत एकनाथांनी आपल्या विंचवाच्या भारुडात दंश झालेल्याच्या अंगाला घाम आणला आहे. त्यांना आध्यात्मिक काही सांगायचे होते, पण लक्षण टिपले ते नेमके! वैद्यकाने मात्र या लक्षणांचा अर्थ लावायला वेळ घेतला. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा विंचूदंशाने तरणीताठी माणसे आणि लेकरे दगावत होती, आणि उपचार म्हणून गुंगीची औषधे, स्टेरॉइड, अट्रोपिन असे जे हाताला येईल ते दिले जात होते. त्यांनी रुग्णांच्या खाटेशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या आणि धोक्याची पूर्वसूचना देणारी लक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. त्यातला या लेखापुरता मुद्दा असा की नुसती भयंकर कळ आणि बाकी सगळे ठीक, असा रुग्ण बहुधा वाचतो. उलटी झाली, घामाने अंग निथळते आहे आणि तरी तळहात-तळपाय गार आहेत, असा रुग्ण कळ सोसवते म्हणाला तरी धोक्यात असतो. रक्तदाबावर आधीपासून वापरात असलेली प्राझोसिनची स्वस्त गोळी या आवळलेल्या रक्तवाहिन्या सोडवते, हे त्यांनी १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात दाखवले. गंभीर रुग्णांतला ३०-४० टक्क्यांच्या घरातला मृत्युदर त्यानंतर घसरत अगदी थोड्या टक्क्यांवर आला. पुढे विंचवाच्या विषावरची प्रतिलस हाताशी आली. महाडच्याच रुग्णांवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्रतिलस आणि प्राझोसिन जोडीने दिलेले रुग्ण लवकर सावरले. या दोन्हींपैकी एकही वेदनाशामक म्हणून दिले जात नाही. रुग्णाला वाचवणाऱ्या उपचाराचे लक्ष कळीकडे नव्हतेच.

विंचवाच्या बाबतीत निदान कळ तरी असते. मण्यार तेवढीही सूचना देत नाही. ती रात्री, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते. दात बारीक, सूज नाही, कित्येकदा चावल्याचे कळतही नाही. फुरसे चावले की पाय सुजतो, रक्त येते, कोणीही घाबरून दवाखाना गाठतो. मण्यारीच्या रुग्णाला मात्र घरचे ‘पड जरा’ म्हणतात. पहाटे त्याचे पोट दुखते, उलटी होते, पापण्या जड होतात आणि लोकांना वाटते झोप पुरी झाली नसेल. तिचे विष मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो त्या टोकावर काम करते आणि ते टोकच नासवते. हुकूम सुटतो, स्नायूपर्यंत पोचत नाही. पापणी, डोळ्याची हालचाल, गिळणे, मान आणि अखेर श्वास असा तो लकवा उतरत जातो. नागाच्या विषात स्नायूच्या बाजूची जागा अडवली जाते, तिथे निओस्टिग्मिनसारखे औषध पुष्कळदा कामी येते. मण्यारीच्या बाबतीत तंतूची टोके नव्याने तयार होईपर्यंत कित्येक दिवस कृत्रिम श्वासावर माणूस सांभाळावा लागतो. सांभाळला तर तो उठून घरी जातो. या काळात त्याच्या बाहुल्या उजेडाला हलत नाहीत, अंग निपचित असते, आणि तो सगळे ऐकत असतो. उशाशी बसून काय बोलायचे याचा विचार करावा. या विषाची परीक्षा गावात कडुलिंबाचा पाला किंवा मिरची चघळायला देऊन करतात; कडू-तिखट लागले तर विष नाही. पण जिभेची चव या विषाच्या वाटेत येतच नाही, त्यामुळे मरणाऱ्यालाही पाला कडूच लागेल. त्यापेक्षा रुग्णाला मान न हलवता वर छताकडे बघायला सांगावे आणि पापण्या उचलल्या जातात का ते पाहावे. एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावावेत आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजायला लावावेत. आधी तीसपर्यंत जाणारा माणूस पंधरावर दम टाकू लागला, तर गाडी आत्ता हवी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: इतकी माणसे मंत्राने बरी झाली, ती काय खोटी? ती बरी झाली हे खरेच. काळा, थोराड विंचू दिसायला भयानक पण त्याचा दंश सहसा किरकोळ असतो. तांबड्याच्याही अनेक दंशांत, विशेषतः प्रौढांत, विष कळीपलीकडे जात नाही. बिनविषारी साप तर पुष्कळच. ही सगळी माणसे काहीही केले तरी बरी होणार होती, आणि त्यांचे श्रेय मंत्राला जाते. न वाचलेल्यांचा हिशेब मात्र ‘उशिरा आणला’ या सदरात मांडला जातो. दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे: वेदना जर मापच नसेल, तर निसर्गाने ती दिली कशाला? याचे उत्तर कुष्ठरोगाने दिले आहे. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवले की कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. संवेदना मेलेल्या हातांना भाजते, कापते, चिघळते आणि मालकाला पत्ता नसतो. त्यांनी हातमोज्यात दाब मोजणारी, धोका होताच इशारा देणारी यंत्रेही बसवून पाहिली. इशारा मिळे, रुग्ण दुर्लक्ष करी. जे दुखत नाही ते टाळता येते! वेदना म्हणजे ‘हात काढ, पाय टेकू नकोस’ अशी आज्ञा आहे. इजा किती झाली याचे उत्तर तिच्याकडे मागणे म्हणजे जे तिचे कामच नाही त्याचा तिला जाब विचारणे. तिसरा आक्षेप दुखणाऱ्यांचा असतो: म्हणजे आमचे दुखणे मनाचे? मुळीच नाही. मेंदूत ठरते म्हणून ती वेदना कमी खरी होत नाही, कारण मेंदूत ठरल्यावाचून कोणाचीच वेदना होत नाही. नागिणीच्या रुग्णाला ‘काही दिसत तर नाही’ म्हणून परत पाठवणारा डॉक्टर आणि कळ थांबली म्हणून विंचवाच्या रुग्णाला घरी ठेवणारा मांत्रिक एकच चूक उलटसुलट करतात.

राहिला अंतराचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत रास्त वाटतो. पोफळीहून कामथ्याचे किंवा डेरवणचे रुग्णालय गाठायला रात्री, पावसात, वाहन मिळेपर्यंत वेळ जातो; मंत्र म्हणणारा चार घरांवर असतो. त्याला दटावून हाकलणे हा उपाय नव्हे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही नेमके तेवढेच आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. त्याच्या उशाशी मंत्र म्हणणे हा नव्हे. कळ कमी करायला त्याच्या हाताचा, बर्फाचा, नंतर डॉक्टरच्या लिग्नोकेनच्या सुईचा उपयोग होतो आणि तो व्हावा. फक्त त्या अवधीत घरातल्या एकाने कळ कुठवर आली हे विचारत बसू नये; घाम, उलटी, हातापायांचा गारठा आणि पापण्या यांवर नजर ठेवावी, आणि दुसऱ्याने गाडी काढावी. उतरवणाऱ्याला वाटले तर त्यानेही गाडीत बसावे आणि घाटरस्त्याला लागल्यापासून चिपळूण येईपर्यंत पुटपुटत राहावे. प्राझोसिनच्या गोळीला त्याची काही अडचण होत नाही.