किल्ली कोणाकडे?

मुलांचे सुख का तराजूत घालून मोजायचे असते, हा प्रश्न आम्हां शिक्षकांना फार प्रिय आहे. त्यात मुलांविषयीची माया थोडी आणि स्वतःच्या बचावाची सोय पुष्कळ. मीही तो वीस वर्षे विचारीत आलो. आता परत घेतो.

बिहारमधील नालंदा जिल्ह्यात 2015-16 साली गोव्याच्या ‘संगाथ’ या संस्थेने एक प्रयोग केला. 75 सरकारी माध्यमिक शाळांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन गट पाडले. एका गटात प्रशिक्षण दिलेला एक ‘मित्र’ बाहेरून आणून शाळेत नेमला. दुसऱ्यात तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाकडे सोपवले. तिसऱ्यात सरकारी जीवनकौशल्याच्या तासांखेरीज काहीच नवे केले नाही. काम तरी काय? तक्रारपेटी, भित्तिपत्रक, सभा, आणि एखाद्या मुलाला एकट्याने बोलायचे असेल तर ऐकून घेणे. आठ महिन्यांनी नववीच्या मुलांनाच विचारले: शाळा आपली वाटते का? दमदाटी होते का? मन खिन्न असते का? 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये उत्तर छापून आले. ‘मित्रा’च्या शाळांतले वातावरण ठळकपणे सुधारले होते. शिक्षकाच्या शाळांत काही फरक पडला नव्हता.

हे वाचून मला प्रथम राग आला. शिक्षकाने शिकवायचे, पेपर तपासायचे, निवडणुकीला आणि जनगणनेला जायचे, आणि वर मनेही सांभाळायची? सबब खरी आहे. पण अपुरी आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा वर्षभर एकही दिवस गैरहजर नव्हता. मी त्याचे कौतुक करीत असे. घरी बापाचा मार खाण्यापेक्षा शाळा बरी म्हणून तो येत होता, हे मला मार्चमध्ये, तेही शिपायाकडून कळले. ज्याच्या हातात गुणांची वही, त्याच्यापाशी मूल कसे मोकळे होणार? आणि आमच्याकडे रीत अशी की, एक दिवसाची कार्यशाळा करवून शिक्षकालाच समुपदेशक ठरवायचे. तसले एक प्रमाणपत्र माझ्याही कपाटात आहे.

मोजणारेही मात्र सोवळे नाहीत. इंग्लंडमध्ये 2020 पासून 21 स्थानिक प्रशासनांच्या हद्दीतील माध्यमिक शाळांत समाजकार्यकर्ते नेमले गेले. कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2023 साली त्याचा हिशेब दिला. मुख्य प्रश्न होता: मूल धोक्यात असल्याच्या संशयावरून 1989 च्या बालक कायद्याच्या 47 व्या कलमाखाली होणाऱ्या चौकश्या घटल्या काय? घटल्याचा पुरावा मिळाला नाही. शाळांनी या माणसांचे स्वागत केले होते. तरी योजना वाढवू नये, असा निष्कर्ष निघाला. हिशेबाच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. पण मोजले काय, तर कचेरीतली प्रकरणे. शाळेत डोळस माणूस बसला तर लपलेली दुखणी उघडी पडून चौकश्या उलट वाढतीलही. तिथे ते अपयश धरायचे, की एखादे मूल वाचले असे म्हणायचे?

म्हणून माझे म्हणणे असे. मोजा, जरूर मोजा. पण मुलाला विचारून मोजा. विचारणारा त्याचा शिक्षक नसावा, आणि उत्तराखाली मुलाचे नाव नसावे. शाळेत ऐकणारा स्वतंत्र माणूस पगार देऊन नेमा, आमच्या वेळापत्रकातला एक तास कापून नव्हे. आमच्या शिक्षकबंधूंना यात अपमान वाटेल. मलाही वाटला होता. त्या शिपायाची आठवण झाली आणि ओसरला.

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडतील. एखाद्या उत्साही शाळेत तक्रारपेटीही लागेल. तिची किल्ली मुख्याध्यापकांच्याच जुडग्यात राहिली, तर वर्षअखेरीस त्या पेटीत काय सापडेल, हे सांगायला कोणत्याही विद्यापीठाची गरज नाही.