विसंगती आणि विवेक



मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेचा हा अंक आपल्या हाती देताना आम्हांस मनःपूर्वक आनंद होत आहे. वर्षभराच्या कार्याचा आढावा अहवालात आलेलाच आहे. त्याची पुनरुक्ती न करता यंदा आम्ही एका अशा प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, जो वरवर पाहता तर्कशास्त्राचा असला तरी आपल्या घराघरांत उभा राहिलेला आहे. परस्परविरोधी माहिती हाती आली असता विचार कसा करावा, हा तो प्रश्न होय.

आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात जुन्या कागदपत्रांची एक फाईल असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असते. आई मात्र दसऱ्याच्या आसपासचा जन्म सांगत असे. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहिली, एवढेच त्यामागचे कारण. परंतु त्याच दाखल्यावरील दुसरी विसंगती इतकी साधी नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि लक्षावधी लोक बौद्ध झाले. मात्र अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता. तो १९९० साली झाला. मधल्या ३४ वर्षांत केंद्र सरकारच्या सवलतींसाठी जुनीच नोंद लागे. म्हणून कित्येक घरांत ओठी त्रिशरण-पंचशील आणि दाखल्यावर ‘हिंदू महार’ अशी स्थिती राहिली. आज परदेशात वाढलेली मुले हे कागद पाहतात आणि विचारतात, “आजोबा नेमके कोण होते?” समाधानकारक उत्तर न मिळाल्यास ती असाही निष्कर्ष काढतात की, घरात सांगितला जाणारा सारा इतिहासच संशयास्पद आहे.

पारंपरिक तर्कशास्त्राचा एक नियम या निष्कर्षापेक्षाही पुढे जातो. समजा, ‘आजोबा बौद्ध होते’ आणि ‘आजोबा बौद्ध नव्हते’ ही दोन्ही विधाने आपण खरी मानली. पहिले खरे असल्याने ‘आजोबा बौद्ध होते किंवा नागपूर समुद्रकाठी आहे’ हेही खरे ठरते. कारण ‘किंवा’ने जोडलेल्या दोहोंपैकी एक भाग खरा असणे पुरेसे असते. आता दुसरे विधान सांगते की आजोबा बौद्ध नव्हते. म्हणजे त्यातील पहिला भाग गळाला. उरले काय? नागपूर समुद्रकाठी आहे! एका विसंगतीतून अशा रीतीने वाटेल ते सिद्ध करता येते. तर्कशास्त्रज्ञ यास ‘स्फोट’ म्हणतात.

प्रत्यक्षात कोणी शहाणा मनुष्य असा विचार करीत नाही. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत म्हणून न्यायाधीश वाटेल तो निकाल देत नाही. ही व्यवहारातील शहाणीव नियमांत बसविण्याचा प्रयत्न विसाव्या शतकात अनेकांनी केला. पोलंडचे स्तानिस्लाव याश्कोव्स्की यांनी १९४८ साली चर्चेचे उदाहरण घेतले. चर्चेतील प्रत्येकाचे म्हणणे स्वतःपुरते सुसंगत असू शकते; परंतु सर्वांची विधाने एकाच तोंडी घातली की विसंगती उद्भवते. म्हणून कोणाचे विधान कोणाच्या विधानाशी जोडावे यावर मर्यादा हवी. ब्राझीलचे न्यूटन द कोस्ता यांनी १९६३ साली विसंगती आली तरी स्फोट होणार नाही, अशा तर्कपद्धतींची मालिकाच मांडली. अमेरिकेतील न्युएल बेलनॅप यांनी १९७७ साली संगणकाचा विचार केला. अनेकांकडून माहिती घेणाऱ्या यंत्राला एका प्रश्नाबाबत चार स्थिती संभवतात: ‘होय’ असे कळले आहे, ‘नाही’ असे कळले आहे, दोन्ही कळले आहे, किंवा काहीच कळलेले नाही. तिसऱ्या स्थितीत यंत्राने त्या जागी खूण करावी आणि बाकीचे काम सुरू ठेवावे.

हे वाचून आपल्या वाचकांना चतुष्कोटीचे स्मरण होईल: आहे, नाही, आहे आणि नाही, आहेही नव्हे आणि नाहीही नव्हे. परंतु ‘हे सारे आमच्या ग्रंथांत आधीच होते’ असे म्हणण्याचा मोह आम्ही टाळू इच्छितो. तथागत मरणानंतर असतो काय, या प्रश्नाची चारही उत्तरे भगवान बुद्धांनी बाजूला ठेवली; कारण त्यांपैकी एकानेही दुःखनिवारण होत नाही. बेलनॅप यांच्या चार स्थिती या माहितीच्या नोंदी आहेत. दोहोंत साम्य आहे, ऐक्य नाही.

विसंगतीस सामोरे जाण्याची खरी बौद्ध रीत ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात दिसते. त्यातील एका संपूर्ण भागात राजा मिलिंद बुद्धांची परस्परविरोधी भासणारी वचने जोडीने भिक्खू नागसेनांपुढे ठेवतो. तथागताची आचार्यमुष्टी नाही, म्हणजे ते काही राखून ठेवीत नाहीत. मग मालुंक्यपुत्ताच्या प्रश्नाचे उत्तर का दिले नाही? अज्ञानामुळे, की लपविण्यासाठी? नागसेन राजाला गप्प बसवीत नाहीत, अथवा एक वचन खोटेही ठरवीत नाहीत. काही प्रश्न बाजूला ठेवण्याचेच असतात, हा भेद ते दाखवून देतात.

बाबासाहेबांनी हीच रीत अधिक निर्भयपणे चालविली. १९५७ साली त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी विचारले आहे की, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? ही विसंगती त्यांनी झाकली नाही आणि तिच्यापायी धम्मही टाकला नाही. पुनर्जन्म कशाचा आणि कोणाचा, असे दोन प्रश्न त्यांनी वेगळे केले. बुद्धवचन कोणते मानावे यासाठी बुद्धिसंगतता आणि मानवी कल्याण या कसोट्या लावल्या.

आमच्या मते मुलांच्या प्रश्नाचे उत्तर याच वाटेने द्यावे. फाईल लपवू नये. प्रत्येक कागद म्हणजे एका साक्षीदाराची जबानी आहे. ती कोणी लिहिली, कोणत्या साली आणि कोणत्या सक्तीखाली, हे सांगावे. मग दिसेल की दाखला राज्यव्यवस्थेच्या नियमाविषयी बोलतो आणि त्रिशरण माणसाच्या निश्चयाविषयी. दोन्ही कागद जपावेत. कारण त्यांच्यामधील अंतर हाच आपला इतिहास आहे.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. विसंगती सहन करून विचार चालू ठेवणे निराळे आणि विसंगतीत सुखाने नांदणे निराळे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगत जीवनात देश प्रवेश करीत आहे. ती लवकरात लवकर दूर न केल्यास विषमतेचे बळी लोकशाहीची इमारतच उद्ध्वस्त करतील. तर्कशास्त्रातील स्फोट नवे नियम रचून टाळता येतो. समाजातील स्फोट टाळण्यास अन्यायच दूर करावा लागतो. आपल्या घरात, विवाहसंबंध जुळविताना, मंडळाच्या कारभारात समतेचे बोल आणि आचरण यांत अंतर पडत असेल, तर तेथे सहनशील तर्काचा आडोसा घेऊ नये.

विसंगती दिसताच तिच्यावर खूण करावी, तिचे मूळ शोधावे आणि ते आपल्या हातचे असल्यास उपटून टाकावे, एवढीच विनंती करून आम्ही ही स्मरणिका आपल्या स्वाधीन करतो.

जयभीम! नमो बुद्धाय!