न हललेला लंबक

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एप्रिल 2023 मध्ये केंद्राने मंजूर केलेले सुमारे 2600 कोटी रुपये, आणि काम काय, तर कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी टिपायच्या. जिल्ह्याला तिचा अभिमान वाटतो, वाटायलाच हवा.

आता याच जिल्ह्यातल्या बी.एस्सी.च्या एखाद्या मुलाचं भौतिकशास्त्राचं जर्नल उघडा. लंबकाचा प्रयोग. आंदोलनांच्या वेळा वळणदार अक्षरात, पलीकडे आलेख, गुरुत्वत्वरणाचं उत्तर 980 च्या जवळ. शेजारच्या मुलाच्या जर्नलात तेच आकडे, दशांशासकट. मागल्या वर्षी पास होऊन गेलेल्याच्या जर्नलातही तेच, कारण सगळे त्याच्यावरूनच उतरलेत. लंबक कपाटातून निघालाच नाही. मुलाने उतरवलं, सरांनी सही केली, बाहेरून आलेल्या परीक्षकाने गुण दिले. तिघांनी मिळून एक खोटं कागदावर नोंदवलं आणि एकालाही लाज वाटली नाही. जीव ओतून शिकवणारे प्राध्यापक या जिल्ह्यात आहेत, त्यांना माझा नमस्कार. पण त्यांचं वेगळेपण गावोगाव सांगितलं जातं, यातच सगळं आलं.

17 सप्टेंबर 1994 रोजी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, ते आपल्या पोरांना औरंगाबाद गाठावं लागू नये म्हणून. नाव दिलं ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वतः शिकवलेल्या, निजामाच्या तुरुंगात गेलेल्या संन्याशाचं. विद्यापीठ जवळ आलं, कॉलेजं तालुक्याला, पुढे मोठ्या गावांनाही आली. आपण मात्र त्यांच्याकडे मागितली ती फक्त डिग्री. सोयाबीनच्या काढणीत आणि हळद शिजवायच्या दिवसांत पोरगं वर्गात नसतं, हे समजू शकतो. घरची गरज आहे. पण उरलेल्या महिन्यांतही बाक रिकामेच असतात. पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावतात, दिवसभर अभ्यासिकेत बसतात, कॉलेजात येतात ती परीक्षा फॉर्म भरायला.

आणि शिकवणार कोण? सेट-नेट झालेला, पीएच.डी. केलेला तरुण तासिका तत्त्वावर राबतो, मानधनाची महिनोन्‌महिने वाट बघतो आणि सुट्टीत लोकांच्या शेतात रोजाने जातो. कायम जागेला किती 'द्यावे लागतात', हे पानटपरीवरही ठाऊक असतं. ती रक्कम घेणारा गुन्हेगार आहेच. पण त्यासाठी जमीन विकणारा बाप, आणि 'जागा परमनंट आहे का' एवढंच विचारून मुलगी देणारे पाहुणे, यांना मी निर्दोष कसं म्हणू? पैसे मोजून खुर्चीवर बसलेला माणूस वर्गात सत्य कोणत्या तोंडाने सांगणार?

सगळ्यात मोठा अन्याय मुलींवर होतो. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास मोफत असतो, म्हणून ती येते. पुढे पासाला पैसे पडतात. भावाला गाडी मिळते, नांदेडला किंवा पुण्याला खोली मिळते. तिला सांगतात, 'फॉर्म भर, परीक्षेपुरती जा.' सेनगावकडच्या आडवळणाच्या गावात संध्याकाळची गाडी चुकली तर घरी कसं यायचं, हे कारण असतं. शेवटचा पेपर झाला की घरात लग्नाची बैठक बसलेली असते. नर्सीच्या नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई सातशे वर्षांपूर्वी अभंग रचत होती, आणि आपण आपल्या लेकीला वर्गातला एक बाक देत नाही.

सप्ताहासाठी, सभामंडपासाठी आपल्या गावात घरटी वर्गणी निघते, एका रात्रीत कमिटी होते. कॉलेजच्या वेळेला एक बस लावा म्हणून ती कमिटी आगारात का जात नाही? गेल्या महिन्यात किती तास झाले, हे प्राचार्यांना विचारायला पाच बाप एकत्र का जात नाहीत?