घोड्यांनासुद्धा नावं होती...

मंडळी, मागच्या शनिवारी कोळशावरचं एक प्रदर्शन बघायला गेलो आणि चिडून परत आलो. आठवडाभर डोक्यात खदखदत होतं, ते आज उतरवून काढतो. लेख जरा तिखट होणार आहे, सांभाळून घ्या.

प्रदर्शन कुणाचं, कुठलं ते जाऊ दे. चकचकीत हॉल, अवाढव्य यंत्रांची छोटी मॉडेल्स, बटण दाबलं की दिवे लागणारा नकाशा, उत्पादनाचे चढते आलेख आणि फीत कापणाऱ्या साहेबांचे फोटो. कोळसा काढणारा माणूस मला फक्त दोन फोटोंत सापडला. दोन्हीकडे साहेबांच्या मागे उभा, आणि नाव कुठेच नाही.

मला एवढं लागायचं कारण घरचंच आहे. माझे बाबा खदानीत टिंबर मिस्त्री होते. (आमच्या चंद्रपूरकडे खाण म्हणत नाहीत, खदान म्हणतात.) कोळसा काढून झाला की वरचं छत तोलायला लाकडाचे टेकू लावायचे, हे त्यांचं काम. तीस वर्षं त्यांनी तेच केलं.

२०१८ मध्ये प्रोजेक्टच्या निमित्ताने कार्डिफला होतो. एका वीकांताला ब्लेनाव्हॉनला गेलो. हे वेल्समधलं लोखंड-कोळशाचं जुनं गाव. तिथली 'बिग पिट' ही खाण १९८० मध्ये बंद पडली आणि १९८३ मध्ये म्युझियम म्हणून उघडली. २००० मध्ये सगळा परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला. आपल्याला वाटतं वारसा म्हणजे किल्ले आणि लेणी. इथे चक्क काळ्या धुळीने माखलेलं गाव!

गेल्या गेल्या मोबाईल आणि घड्याळ काढून घेतलं. खाणीत ठिणगी उडेल असं काही न्यायचं नाही, हा नियम पर्यटकालाही लागू. डोक्यावर हेल्मेट, कमरेला दिव्याची बॅटरी, आणि पाळण्यातून थेट ९० मीटर खाली. वाट दाखवणारा माणूस कुणी इतिहासाचा पदवीधर नव्हता, स्वतः खाणीत राबलेला कामगार होता. एका ठिकाणी त्याने सगळ्यांना दिवे बंद करायला लावले. डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हात दिसेना. मग शांतपणे म्हणाला, १८४२ च्या कायद्याआधी पाच-सहा वर्षांची पोरं अशा अंधारात बसून हवेची दारं उघडझाक करायची. आमच्यातल्या एका बाईंनी आपल्या मुलाचा हात घट्ट धरला असावा, कारण पोरगं 'आई, दुखतंय' अशा अर्थाचं काहीतरी ओरडलं.

पुढे घोड्यांचे तबेले होते. जमिनीखाली डबे ओढणारे घोडे तिथेच राहायचे. आणि प्रत्येक घोड्याच्या जागेवर त्याच्या नावाची पाटी! त्या दिवशी गंमत वाटली होती. मागच्या शनिवारी त्या पाट्या आठवल्या आणि पोटात कालवलं. तिथे घोड्यांना नावं होती हो. आमच्याकडे माणसांना नाहीत.

बाहेर आल्यावर बाबांना फोन लावला. म्हटलं, "बाबा, इथला माणूस सांगत होता की छत बसायच्या आधी लाकूड कुरकुरतं. खरं का?"

बाबा हसले. "अरे, लाकूड बोलते. लोखंडी टेकू काही सांगत नाही, एकदम दगा देते. म्हणून आम्हाले लाकूडच आवडे. आवाज आला का पळायचं."

मी त्यांचा मुलगा, वय त्रेचाळीस, आणि हे मला वेल्समधल्या एका परक्या माणसाने विचारायला लावलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

आपल्या धंद्यात एखादा सीनियर नोकरी सोडतो तेव्हा आपण दोन आठवडे त्याच्या मानगुटीवर बसून केटी घेतो. चार वर्षांच्या कोडसाठी एवढा आटापिटा! भारतातला नव्वद टक्क्यांहून जास्त कोळसा आता उघड्या खाणींतून निघतो. जमिनीखालचं काम आक्रसत चाललंय आणि ते जाणणारी माणसं निवृत्त होऊन एकेक करून जातायत. त्यांची केटी कुणी घेतली? डॉक्युमेंटेशन कुठाय?

तुम्ही म्हणाल, सिनेमे आहेत की! आहेत. १९७५ मध्ये चासनाळ्याला खाणीत पाणी घुसून ३७० हून जास्त माणसं गेली, आपल्याला त्यातून 'काला पत्थर' आठवतो. १९८९ मध्ये राणीगंजला पोलादी कॅप्सूलमधून ६५ जणांना वर काढलं, त्यावरही २०२३ मध्ये सिनेमा आला. पण सिनेमाला हिरो लागतो आणि अपघात लागतो. ज्या दिवशी काहीच झालं नाही, बाबा भोंग्याच्या आवाजाला उठून डबा घेऊन गेले आणि संध्याकाळी काळे होऊन परत आले, तो दिवस म्युझियममध्येच राहू शकतो.

दुसरा आक्षेप, हे असल्या कष्टांचं उदात्तीकरण आहे. अजिबात नाही. उदात्तीकरण त्या फीत कापण्याच्या फोटोंत आहे. धूळ, खोकला, मेलेल्यांची यादी हे सगळं मांडलं की उदात्तीकरण आपोआप गळून पडतं.

तिसरा आक्षेप, आधी पाणी आणि रस्ते द्या, म्युझियम कसलं? पाणी आणि रस्ते द्यायलाच हवेत, त्यात वादच नाही. पण म्हणून संगमरवरी इमारत कोण मागतंय? बिग पिटवाल्यांनी आपलं प्रदर्शन कामगारांच्या जुन्या न्हाणीघरात मांडलं होतं. १९३९ ची इमारत! आमच्या गावांत रिकाम्या पडलेल्या क्वार्टर्स आहेत, त्यातली एक पुरे. आत एक पाळीवरचा डबा, एक कॅप लॅम्प, हजेरीचं टोकन. भिंतीवर खदानीत मेलेल्या प्रत्येकाचं नाव आणि साल, मराठीत, हिंदीत आणि तेलुगूत, कारण तिथे राबलेली माणसं तिन्ही भाषा बोलायची. आणि दारात पगारी वाटाड्या म्हणून एखादा निवृत्त लोडर किंवा टिंबर मिस्त्री. पहिली अट ही शेवटचीच. ती पाळता येत नसेल तर उरलेलं करूच नका, आणखी एक प्रदर्शन तेवढं होईल.

नागपूरजवळ सावनेरला २०१६ मध्ये खाण पर्यटन सुरू झालं, ती सुरुवात चांगलीच. पण खदान दाखवणं वेगळं आणि खदानीवर जगलेलं गाव दाखवणं वेगळं.

असो. तुम्ही हिंजवडीत बसून हे वाचत असाल तर तुमच्या एसीच्या विजेत कुणाच्या तरी बाबांची पाळी आहे, एवढं लक्षात ठेवा. आणि तुमच्याही घरी असा कुणी निवृत्त माणूस असेल, खदानीतला, गिरणीतला, रेल्वेतला, तर या वीकांताला मोबाईलचा रेकॉर्डर चालू करून शेजारी बसा. सरकारी म्युझियम येईल तेव्हा येईल. मी सुरू केलंय. पहिल्या तासात बाबा नुसतं लाकडावर बोलले.