तबकड्यांच्या जगात : रिकाम्या जागेचे संगीत

घरातील तरुण मुले पाश्चात्य संगीत लावून बसली, की वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी उमटते. त्या गोंगाटातही कधी कधी एखादी करुण कथा दडलेली असते. अशीच एक कथा आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती आहे ‘पिंक फ्लॉइड’ या इंग्लिश वाद्यवृंदाची.

‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या संगीतप्रकारात सुट्या गाण्यांपेक्षा संपूर्ण तबकडीच एक सलग रचना मानण्याकडे कल असतो. रागविस्ताराला अवकाश लागतो, हे जाणणाऱ्या आपल्या रसिकांना यात नवल वाटू नये.

१९६५ साली लंडनमध्ये हा वृंद आकारास आला. सिड बॅरेट, रॉजर वॉटर्स, रिचर्ड राइट व निक मेसन हे त्याचे चार शिलेदार. १९६७ च्या पहिल्या तबकडीतील बहुतेक गीते बॅरेटचीच होती. परंतु अमली पदार्थांचे सेवन आणि ढासळते मनःस्वास्थ्य यांमुळे तो रंगमंचावर हरवल्यासारखा वागू लागला. १९६८ च्या आरंभी डेव्हिड गिल्मर हा पाचवा सोबती आला. आणि एके दिवशी कार्यक्रमास जाताना बॅरेटला बरोबर घ्यावयाचे नाही, असे इतरांनी ठरविले. ज्याने घर उभारले, तोच उंबऱ्याबाहेर राहिला.

पुढील काही वर्षे चाचपडण्यात गेली. १९७१ च्या ‘मेडल’ या तबकडीची एक संपूर्ण बाजू ‘एकोज’ या सुमारे २३ मिनिटांच्या रचनेने व्यापली, तेव्हा या मंडळींना आपला सूर गवसला. मार्च १९७३ मध्ये ‘द डार्क साइड ऑफ द मून’ प्रसिद्ध झाली. काळ, पैसा, मृत्यू आणि बुद्धिभ्रंश हे तिचे विषय. तिचा आरंभ व शेवट हृदयाच्या ठोक्यांनी होतो. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या यादीत ती १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे राहिली.

यशाच्या शिखरावर असताना त्यांना आठवण झाली ती त्या गैरहजर सोबत्याची. १९७५ च्या ‘विश यू वेअर हिअर’ या तबकडीतील नऊ भागांची प्रदीर्घ रचना बॅरेटलाच उद्देशून आहे. तिचे काम चालू असताना जून महिन्यात एक स्थूल, भुवयाही भादरलेला मनुष्य ध्वनिमुद्रणगृहात येऊन उभा राहिला. प्रथम कोणीच त्याला ओळखले नाही. तो बॅरेट होता!

पुढे वॉटर्सचे वर्चस्व वाढत गेले. १९७९ च्या ‘द वॉल’ या जोड-तबकडीत माणसामाणसांत उभ्या राहणाऱ्या भिंतीचे रूपक आहे; आणि तिच्याच ध्वनिमुद्रणाच्या काळात राइटला वृंदातून बाहेर पडावे लागले. १९८३ ची ‘द फायनल कट’ वॉटर्सने महायुद्धात पडलेल्या आपल्या पित्याच्या स्मृतीस वाहिली. १९८५ मध्ये तोही विभक्त झाला. मग वृंदाच्या नावावरून कज्जा झाला; अखेर नाव गिल्मर व मेसन यांच्याकडे राहिले आणि राइटही परतला. १९८७ व १९९४ साली त्यांच्या आणखी दोन तबकड्या निघाल्या.

२ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये दुरावलेले चौघे पुन्हा एकत्र वाजविण्यास उभे राहिले. पुढच्याच वर्षी बॅरेट निवर्तला; २००८ मध्ये राइटही गेला. त्याच्या वादनाचे जुने ध्वनिमुद्रण उपयोगात आणून २०१४ साली पंधरावी तबकडी, ‘द एन्डलेस रिव्हर’, प्रसिद्ध झाली.

वाटणी झालेल्या घरातील माणसेच दिवाळीला रिकाम्या पाटाकडे पाहून गप्प होतात. त्या गप्प होण्याचाच सूर या तबकड्यांत आहे. मुलांच्या खोलीतून तो पुन्हा ऐकू आला, तर दार लोटून घेण्याऐवजी घटकाभर आत जाऊन बसावे.